परदेशात राहून लोकसभेला मत द्यायचंय? सुरुवात पासपोर्टच्या शेवटच्या पानापासून करा

गेली काही वर्षं मी जर्मनीतल्या आमच्या मंडळातल्या लोकांना मतदार नोंदणीचे अर्ज भरायला मदत करतो. चुका दर वेळी त्याच होतात. कोणी निवडणूक जाहीर झाल्यावर जागं होतं. कोणी चुकीच्या तारखेचं तिकीट काढतं. एक काका तर रजा घेऊन मुलाबाळांसह पुण्यात पोहोचले आणि यादीत नावच नाही म्हणून केंद्राच्या दारातून परतले. चौदा तासांचा प्रवास करून आलेल्या माणसाचा तो चेहरा मी विसरलेलो नाही, म्हणून हा लेख.

मुळातली गोष्ट आधी. भारतीय नागरिकाला परदेशातून मत देता येत नाही. वकिलातीत मतदान केंद्र नसतं, ऑनलाइन मतदान नाही, टपालाने मतपत्रिका येत नाही, आणि भावाला आपल्या वतीने मत द्यायला पाठवता येत नाही. प्रतिनिधीमार्फत मतदानाची तरतूद करणारं विधेयक ऑगस्ट २०१८मध्ये लोकसभेत मंजूर झालं होतं, पण राज्यसभेत मंजूर होण्याआधीच लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळलं. टपाली मतपत्रिकेची सोय सैन्यदलातल्या लोकांना आणि परदेशी नेमणुकीवर असलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांना आहे. नोकरी-शिक्षणासाठी गेलेल्या आपल्यासारख्यांना नाही. 'यंदा अनिवासी भारतीयांना घरबसल्या मतदान' असा निरोप फिरत आला तर तो पुढे पाठवू नका.

आपल्याला मिळालेला हक्क वेगळा आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० मधल्या कलम २०अ नुसार परदेशात राहूनही मायदेशातल्या मतदार यादीत नाव ठेवता येतं आणि मतदानाच्या दिवशी प्रत्यक्ष येऊन मत देता येतं. २०२४च्या लोकसभेला असे १,१९,३७४ परदेशस्थ मतदार नोंदलेले होते. प्रत्यक्ष मत दिलं २,९५८ जणांनी, आणि त्यातले २,६७० एकट्या केरळचे. येणं खर्चाचं आहे हे खरंच, पण ज्यांनी यायचं ठरवलं त्यांचं मत कागदाच्या चुकीपायी जाऊ नये.

## १. तुम्ही नेमके कोणत्या गटात बसता?

हे ठरवल्याशिवाय कुठलाही अर्ज भरू नका.

भारतीय पासपोर्ट, दुसऱ्या कुठल्याही देशाचं नागरिकत्व नाही, मुक्काम परदेशात: तुमचा अर्ज नमुना ६अ. ग्रीन कार्ड किंवा कायम वास्तव्याचा परवाना असला तरी हरकत नाही, कारण ते नागरिकत्व नव्हे.

थोड्या दिवसांसाठी बाहेर: चार महिन्यांच्या प्रकल्पावर गेलेला इंजिनिअर किंवा सहा महिन्यांच्या करारावर जहाजावर असलेला खलाशी तात्पुरता गैरहजर राहिला म्हणून त्याचं घरच्या पत्त्यावरचं नियमित नाव आपोआप रद्द होत नाही. त्याने ते नाव शाबूत आहे ना, एवढं पाहावं.

ओसीआय कार्डधारक, म्हणजे मूळचे भारतीय पण आता दुसऱ्या देशाचे नागरिक: मताचा हक्क नाही. ते कार्ड म्हणजे नागरिकत्व नाही.

गोव्यातल्या वाचकांनी इथे जरा थांबावं. पोर्तुगालचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारतीय नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार संपतं. मतदार ओळखपत्र घरात आहे, गावच्या यादीत नावही आहे, म्हणून मत देता येतं असा समज अनेक घरांत आहे. तो चुकीचा आहे आणि अंगाशी येणारा आहे. अशा वेळी नाव स्वतःहून कमी करून घ्यावं.

वयाची अट अठरा वर्षं पूर्ण, आणि ते मोजायला आता वर्षात चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. बाहेर शिकायला गेलेल्या मुलामुलींची नोंदणी बहुतेक घरांत राहून जाते. त्यांचा अर्जही हाच.

## २. जुनं नाव शोधा

देश सोडण्याआधी बहुतेकांनी एकदा तरी मत दिलेलं असतं. म्हणजे यादीत जुनी, 'इथला रहिवासी' म्हणून केलेली नोंद असू शकते. कलम २०अ खाली नोंद होते ती यादीत नाव नसलेल्या माणसाची. दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्याने मना आहे. अर्जात खोटं निवेदन केलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर नावाने आणि ओळखपत्राच्या क्रमांकाने, दोन्ही प्रकारे शोधा. मराठी नावांच्या स्पेलिंगची तऱ्हा तुम्हाला माहीत आहेच. मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं, आडनाव माहेरचं की सासरचं, सगळं पालटून पाहा. लग्नाआधीच्या पत्त्यावर मुलींचं नाव अनेकदा तसंच राहिलेलं असतं.

जुनी नोंद सापडली तर ती नमुना ७ भरून कमी करायची आणि जुनं ओळखपत्र परत करायचं.

> सावधान: निवडणूक तोंडावर असताना नमुना ७ भरू नका. जुनं नाव गेलं आणि नवा अर्ज रखडला, तर हातात काहीच उरत नाही. हे काम निवडणूक नसलेल्या वर्षात, निवांत करा. आधी मतदारसंघाच्या नोंदणी अधिकाऱ्याशी ईमेलने किंवा फोनवर बोलून क्रम ठरवून घ्या.

## ३. पासपोर्टचं शेवटचं पान वाचा

सगळा खेळ इथे आहे. तुमचा मतदारसंघ ठरतो तो पासपोर्टवर छापलेल्या भारतातल्या पत्त्यावरून. आईवडील आता कुठे राहतात, तुम्ही नवा फ्लॅट कुठे घेतलात, आधार कार्डावर काय आहे, यातल्या कशालाही इथे अर्थ नाही.

पान उघडा आणि पुढचं तपासा.

*पत्ता भारतातला आहे का?* परदेशात पासपोर्टचं नूतनीकरण करताना तिथला स्थानिक पत्ता छापून घेणारे खूप आहेत. त्या वेळी ते सोयीचं वाटतं. पण मग नोंदणीला आधारच राहत नाही. तुमचं असं झालं असेल तर भारतातला पत्ता घालून पासपोर्ट पुन्हा काढून घ्यावा लागेल. ज्यांचं नूतनीकरण अजून व्हायचं आहे त्यांनी अर्ज भरताना पत्त्याच्या रकान्यात दोनदा विचार करावा.

*त्या घरात आज कोणी आहे का?* दहा वर्षांपूर्वीचा भाड्याचा पत्ता, विकून टाकलेला वाडा, पुनर्विकासासाठी पाडलेली इमारत. सहाव्या टप्प्यावर मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बीएलओ, याच दारावर जाणार आहे. दार उघडणारं कोणी नसेल तर अर्ज तिथेच लोंबकळतो. पत्ता कालबाह्य असेल तर आधी तो बदला, मग नोंदणी.

*पती-पत्नीचे पत्ते एकच आहेत का?* नसतील तर मतदारसंघही वेगळे. नवऱ्याचा पत्ता पुण्याचा, बायकोचा सांगलीचा, अशा जोडप्याला दोन शहरांत, कदाचित दोन वेगळ्या तारखांना मतदान करावं लागेल. हे आधी कळलं तर पत्ता एक करून घ्यायला वेळ मिळतो.

## ४. मतदारसंघाचं नाव नक्की करा

नोंदणी विधानसभा मतदारसंघानुसार होते. लोकसभेची यादी त्यातूनच बनते. 'मी पुण्याचा, म्हणजे पुणे लोकसभा' हे गृहीत धरू नका. धायरी, वारजे हा भाग खडकवासला विधानसभेत येतो आणि खडकवासला मोडतं बारामती लोकसभेत. पनवेलचा माणूस मावळसाठी मत देतो. दोन्हींचा फटका पुढे तिकीट काढताना बसतो, म्हणून आत्ताच लिहून ठेवा: विधानसभा मतदारसंघाचं नाव व क्रमांक, आणि तो कोणत्या लोकसभेत येतो.

शेजारी राहणाऱ्या कुणाच्या ओळखपत्राच्या क्रमांकावरून पोर्टलवर शोध घेतला की हे सगळं एका पानावर मिळतं. नकाशात चाचपडण्यापेक्षा ते सोपं.

## ५. कागद जमवा, मग अर्ज उघडा

लागतं ते थोडंच:

- अलीकडचा रंगीत पासपोर्ट आकाराचा फोटो
- पासपोर्टची फोटो, पत्ता आणि इतर तपशील असलेली सगळी पानं, प्रत्येक प्रतीवर स्वतःची सही
- चालू व्हिसाचा शिक्का असलेलं पान, तेही सहीसह

व्हिसाच्या पानाचा घोळ अलीकडे वाढला आहे. संयुक्त अरब अमिरातीत २०२२पासून रहिवासी व्हिसाचा स्टिकर पासपोर्टवर लागत नाही, ब्रिटनने कार्डाऐवजी ई-व्हिसा आणला आहे, आणि ग्रीन कार्डवाल्यांच्या पासपोर्टवर चालू व्हिसा नसतोच. अशांनी वास्तव्य परवान्याची किंवा ओळखपत्राची दोन्ही बाजूंची प्रत, अथवा ई-व्हिसाची छापील प्रत जोडावी आणि नोंदणी अधिकाऱ्याला दोन ओळींत कारण लिहून कळवावं. तो रकाना रिकामा सोडला तर शंका येणारच.

स्कॅन करताना पानाचे चारही कोपरे दिसू द्या. अंधुक फोटोवरचा पत्ता वाचता आला नाही की अर्ज मागे येतो.

तपासा: पासपोर्टची मुदत किती उरली आहे? मतदानाच्या सुमारास ती संपत असेल तर आधी नूतनीकरण करा आणि नव्या क्रमांकावरच अर्ज भरा.

## ६. अर्ज भरा आणि घरच्यांना तयार ठेवा

नमुना ६अ पोर्टलवर भरता येतो. छापील अर्ज भरून तुमच्या मतदारसंघाच्या नोंदणी अधिकाऱ्याला टपालानेही पाठवता येतो. भारतात सुट्टीवर आलात तर स्वतः कार्यालयात जाऊन देता येतो, मग मूळ पासपोर्ट तिथेच दाखवायचा. मला विचाराल तर सुट्टीत जाऊन देणं सगळ्यांत खात्रीचं. समोर बसलेल्या माणसाच्या शंका समोरच फिटतात. कोरा अर्ज वकिलातीतही विनामूल्य मिळतो.

भरताना अडखळायच्या जागा तीन:

नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर. घरी 'बाळासाहेब' म्हणत असतील, पासपोर्टवर 'दत्तात्रय' असेल तर दत्तात्रय.

देश सोडल्याची तारीख. बहुतेकांना ती आठवत नाही. जुन्या पासपोर्टवरचा निर्गमनाचा शिक्का पाहा, अंदाजे लिहू नका.

संपर्क. भारतातलं सिमकार्ड बंद पडलेलं असेल तर त्या क्रमांकावर ओटीपी कसा येणार? ईमेल चालू ठेवा, आणि भारतातल्या संपर्कासाठी घरच्या अशा माणसाचा क्रमांक द्या जो अनोळखी फोन उचलतो.

अर्ज पाठवला की संदर्भ क्रमांक मिळतो. तो कागदावर उतरवून ठेवा.

आता खरी परीक्षा घरी. बीएलओ म्हणजे बहुधा जवळच्या शाळेतले शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका. आपलं रोजचं काम सांभाळून ही माणसं दारोदार फिरतात. ते पासपोर्टवरच्या पत्त्यावर जातील, तुम्ही तिथलेच का हे विचारतील, नातेवाइकांकडून लेखी निवेदन घेतील. इथे आमच्या मंडळातल्या एका बाईंचा अर्ज अडला. सासूबाईंनी दारातूनच सांगितलं, 'ती इथे राहत नाही, ती तिकडे असते.' त्या खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांना कुणी कल्पनाच दिली नव्हती.

म्हणून अर्ज पाठवल्याच्या दिवशीच घरी फोन करा. आईला, काकांना, शेजारच्यांना नीट सांगा: 'बीएलओ येतील. मी नोकरीसाठी परदेशात आहे, हे घर माझं आहे, नागरिकत्व भारताचंच आहे, एवढं सांगायचं आणि सही करायची.' पासपोर्टच्या प्रतींचा एक संच घरी ठेवा. सोसायटी असेल तर वॉचमनलाही सांगून ठेवा, नाहीतर ते फाटकावरूनच परत पाठवतील.

घरी कोणी भेटलं नाही किंवा निवेदन द्यायला कोणी तयार नसलं तर कागद पडताळणीसाठी तुमच्या देशातल्या भारतीय वकिलातीकडे जातात. त्यात वेळ मोडतो.

## ७. शेवटची तारीख कशी मोजायची

निवडणूक जाहीर झाल्यावर नोंदणी लगेच थांबत नाही, पण उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की मतदान होईपर्यंत यादीत एकही नाव घालता येत नाही. हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात, म्हणून त्या तारखेच्या दहा दिवस आधी अर्ज पोहोचायला हवा असा हिशेब धरतात.

हे किती तुटपुंजं आहे ते पाहा. २०२४ची महाराष्ट्र विधानसभा १५ ऑक्टोबरला जाहीर झाली. उमेदवारी अर्जांचा शेवटचा दिवस होता २९ ऑक्टोबर. दहा दिवस मागे गेलं की १९ ऑक्टोबर. हातात उरले चार दिवस! त्यात घरभेट, पडताळणी, परदेशाशी पत्रव्यवहार होणं कठीणच. मी सगळ्यांना निवडणुकीच्या निदान एक वर्ष आधी अर्ज करायला सांगतो.

अर्ज फेटाळला गेला तर गप्प बसू नका. आदेशापासून पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, आणि तिथेही नाही झालं तर तीस दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. फेटाळण्याचं कारण लेखी मागून घ्या. बहुतेक वेळा ते एखाद्या न वाचता येणाऱ्या प्रतीएवढंच असतं.

## ८. नाव यादीत आलं का, स्वतः पाहा

'अर्ज मंजूर' हा निरोप आला तरी यादी उघडून बघा. परदेशस्थ मतदारांची नावं घरच्यांच्या शेजारी नसतात. ती त्या मतदान केंद्राच्या यादीत शेवटी, वेगळ्या विभागात असतात. वडिलांचं नाव आहे, आईचं आहे, आपलं नाही, म्हणून घाबरून दुसरा अर्ज भरणारे भेटले आहेत. शेवटपर्यंत जा.

भाग क्रमांक आणि अनुक्रमांक टिपून घ्या. मतदार ओळखपत्राची वाट पाहू नका. परदेशस्थ मतदाराला ते दिलंच जात नाही. तुमचा मूळ पासपोर्ट हीच तुमची ओळख.

> तपासा, पुन्हा तपासा: नाव एकदा आलं म्हणजे कायमचं असं समजू नका. याद्यांचं पुनरीक्षण, म्हणजे फेरतपासणी, चालूच असतं. गोव्यात २०२५च्या नोव्हेंबरमध्ये विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झालं. निवडणुकीच्या वर्षात दर दोन महिन्यांनी नाव शोधून पाहा. परदेशातला पत्ता बदलला तर नोंदणी अधिकाऱ्याला कळवणं ही जबाबदारीही तुमचीच.

## ९. तिकीट

निवडणूक जाहीर होण्याआधी परत न मिळणारं तिकीट काढू नका. २०२४ची लोकसभा १६ मार्चला जाहीर झाली आणि महाराष्ट्रात मतदान पाच टप्प्यांत झालं: १९ एप्रिल, २६ एप्रिल, ७ मे, १३ मे, २० मे. बारामतीला ७ मे, पुणे आणि मावळला १३ मे, मुंबई-ठाण्याला २० मे. आता या लेखातला चौथा मुद्दा, मतदारसंघाचा, आठवा. धायरीचा माणूस 'पुण्याचं मतदान १३ मेला' असं ऐकून ११ मेला उतरला, तर त्याच्या मतदारसंघात चार दिवसांपूर्वीच मत पडलेलं.

दोन दिवस आधी पोहोचा. विमान रद्द होतं, जोडविमान चुकतं.

आणि पासपोर्टबद्दल एक गोष्ट, जी फार जणांच्या ध्यानात येत नाही. भारतात आलोच आहोत तर व्हिसाचा शिक्का मारून घेऊ, म्हणून लोक पासपोर्ट परदेशी दूतावासात जमा करतात. मतदानाच्या दिवशी तो तिथेच अडकलेला असतो. शिक्क्याची भेट मतदानानंतरची घ्या.

## १०. मतदानाचा दिवस

सकाळीच जा. काही अडलं तर सोडवायला दिवस हाताशी राहतो.

सोबत मूळ पासपोर्ट हवा. झेरॉक्स नको, फोनमधला फोटो नको. मधल्या काळात पासपोर्ट नवा काढला असेल तर जुना रद्द केलेलाही घ्या. भाग क्रमांक, अनुक्रमांक कागदावर लिहून न्या, कारण फोन आत नेता येत नाही.

केंद्रावरच्या कर्मचाऱ्यांपुढे परदेशस्थ मतदार क्वचितच येतो. 'ओळखपत्र कुठंय?' असं विचारलं तर शांतपणे सांगा, 'मी परदेशस्थ मतदार आहे, माझं नाव यादीच्या शेवटच्या विभागात आहे, ओळख पासपोर्टची.' तरी अडलं तर केंद्राध्यक्षांना भेटा. त्यानंतर १९५० ही मतदार मदतवाहिनी. आवाज चढवून उपयोग नाही, मागची रांग तुमच्यावरच चिडते.

तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर परत फिरू नका. केंद्राध्यक्षांनी ओळखीची खात्री करून घेतली की तुम्हाला कागदी मतपत्रिकेवर प्रदत्त मत नोंदवता येतं. लोक त्याला टेंडर व्होट म्हणतात. ते मागायचं हे माहीत असावं लागतं.

## ११. परत आल्यावर, किंवा नागरिकत्व बदलल्यावर

कायमचे मायदेशी परतलात की नोंदणी अधिकाऱ्याला कळवून परदेशस्थ विभागातलं नाव काढून घ्या आणि जिथे राहता तिथे नमुना ६ भरून साधी नोंद करा. मग इतरांसारखं ओळखपत्रही मिळतं.

दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंत तर तेही लगेच कळवायचं असतं. नमुना ६अ भरताना तसं लेखी वचन तुम्ही दिलेलं आहे. शपथविधीच्या आठवड्यात पासपोर्ट जमा करण्याची गडबड असते, तेव्हा त्या यादीत हे एक काम लिहून ठेवा: नोंदणी अधिकाऱ्याला ईमेल, सोबत अर्जाचा तोच जुना संदर्भ क्रमांक.